कॉन्व्हिक्ट आणि जॅक डेम्प्सीच्या टाकीत खरी झाडे टिकतील का?

काचेतलं तळं (मुलुंड पूर्व)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी आहे, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण 255 लिटर. तिच्यात दोन वर्षांपासून कॉन्व्हिक्ट सिक्लिडची एक जोडी आणि जॅक डेम्प्सीचा एक नर आहे; दोन्ही सिक्लिड कुळातले मासे. मधोमध दगड रचून दोन्ही बाजूंच्या हद्दी वेगळ्या केल्यामुळे त्यांची मारामारी आवाक्यात राहिली आहे. माझी अडचण माशांच्या भांडणाची नसून झाडांची आहे.

गेल्या महिन्यात मी क्रॉफर्ड मार्केटमधून ॲमेझॉन स्वोर्डची दोन रोपे, कबोम्बाची एक जुडी आणि थोडी लुडविजिया आणली आणि दोन इंच जाडीच्या खडीत नीट रोवली. पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिवा लावला, तेव्हा स्वोर्डचे एक रोप मुळे वर करून फिल्टरच्या तोंडाशी तरंगत होते, आणि ते जिथे लावले होते तिथली खडी कॉन्व्हिक्टची मादी तोंडात भरून, वीतभर लांब नेऊन, थुंकून पुन्हा परत येत होती. मी तेच रोप तीन वेळा लावले आणि तिने ते तीन वेळा उपटले. कबोम्बाचा चार दिवसांत खराटा झाला. लुडविजियाचे काय झाले ते विचारू नका.

दुकानदाराने सरळ प्लास्टिकची झाडे लावा असे सांगितले. सासूबाईंचेही तेच मत आहे, कारण पाण्यावर तरंगणारी पाने रोज सकाळी चहाच्या गाळणीने गोळा करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले आहे. तरीही अशा भांडखोर माशांबरोबर ज्यांची खरी झाडे वर्षभर टिकली आहेत, त्यांनी कोणती झाडे कशी लावली ते कृपया सांगावे. टाकीला कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर जोडण्याची माझी तयारी नाही. दिवा साधा एलईडी आहे आणि पाणी महापालिकेच्या नळाचे आहे.

गिरगावकर आजोबा

ताई, तुमच्या मादीने झाड खाल्ले नाही, ते तिने वाटेतून दूर केले. कॉन्व्हिक्टची जोडी अंड्यांतून निघालेली, अजून पोहता न येणारी पिल्ले खडीत खणलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवते आणि सोयीप्रमाणे एका खड्ड्यातून दुसऱ्यात हलवते. तिला जिथे खड्डा हवा, तिथे तुमचे स्वोर्ड आडवे आले. ते तीनदा सोडून तीसदा रोवले असते तरी निकाल तोच लागला असता. त्यामुळे झाड चिवट आहे का, हे पाहण्याआधी त्याचे जगणे खडीवर अवलंबून आहे का, हे पाहावे. ज्याला खडी लागतच नाही त्याला उपटणार कसे?

अशा झाडांत माझा पहिला कौल ॲनुबियसला आणि दुसरा जावा फर्नला. आफ्रिकेतली बोल्बिटिस नावाची फर्नही उत्तम आहे, पण ती आपल्याकडे महाग मिळते आणि रुळायला फार वेळ घेते. ही तिन्ही झाडे निसर्गात ओढ्याकाठच्या दगडांना आणि ओंडक्यांना धरून वाढतात. ॲनुबियस तर आपल्या अळवाच्या कुळातली आहे. अळू नीट शिजले नाही की घशाला खाज सुटते आणि म्हणून आपण फतफत्यात चिंच घालतो. ती खाज ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे सुटते, ते ॲनुबियसच्या पानांतही असतात. शिवाय पान चामड्यासारखे जाड असते. माझ्या टाकीतल्या माशांनी कोवळ्या पानाला एखादा चावा घेऊन पाहिला आहे, पण दुसरा घेतलेला मला दिसला नाही.

लावण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची ॲनुबियस माशांमुळे नव्हे, तर लावण्यातल्या चुकीमुळे मरते. या झाडाला हळकुंडासारखे एक आडवे, जाड, हिरवे खोड असते. त्याच्यावरून पाने फुटतात आणि खालून मुळे. हे खोड खडीत पुरले की कुजते. मुळे खडीत गेली तर चालते, खोड मात्र उघडेच राहिले पाहिजे. दुकानातून आणलेले झाड बहुधा लहान जाळीदार कुंडीत कापसासारख्या लोकरीत बसवलेले असते. ती लोकर चिमट्याने मुळांतून पूर्ण काढा आणि मुळे बोटभर ठेवून बाकीची कापा. नंतर लाकूड किंवा दगड टाकीबाहेर काढून जागा कागदाने टिपून कोरडी करा, जेलच्या स्वरूपातल्या सुपर ग्लूचे दोन-तीन थेंब तिथे टाका आणि खोड त्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. पाण्यात गेल्यावर हा गोंद पांढरा दिसतो, पण घट्ट झाला की माशांना त्याचा त्रास होत नाही. गोंद नको असेल तर मासेमारीची बारीक तंगूस गुंडाळा. सुती दोरा वापरू नका, कारण ॲनुबियसची मुळे लाकडाला चिकटण्याआधीच तो पाण्यात कुजून तुटतो आणि मग तुमचा जॅक डेम्प्सी ते झाड टाकीभर मिरवतो.

हा मासा ज्या अमेरिकन मुष्टियोद्ध्याच्या नावाने ओळखला जातो, तो 1919 ते 1926 या काळात जगज्जेता होता. नाव उगाच दिलेले नाही. म्हणून झाड ज्याला चिकटवाल तो दगड किलोभर वजनाचा तरी असावा. आणि एक गोष्ट कृपया आजच तपासा. तुमच्या मधल्या भिंतीचे दगड खडीवर ठेवलेले असतील तर ते उचलून थेट तळाच्या काचेवर, खाली थर्माकोलचा पातळ तुकडा घालून बसवा आणि खडी नंतर भोवती ओता. हे मासे दगडाखालून खडी उपसतात. दगड एका रात्रीत कलंडला तर झाडांचाच नव्हे, टाकीचाही प्रश्न उरणार नाही.

मालावीवाला (बोरिवली पश्चिम)

आजोबांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु हा धागा पुढे दुसरे लोकही वाचतील, म्हणून एक भेद स्पष्ट करतो. सगळे सिक्लिड सारखे नसतात. मध्य अमेरिकेतले कॉन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी वगैरे मुख्यतः खणणारे आहेत. आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातले म्बुना मात्र खडकांवर उगवलेले शेवाळ आयुष्यभर खरवडून खातात, त्यामुळे मऊ पान त्यांना ताटात वाढल्यासारखेच वाटते. माझ्या टाकीत म्बुना आहेत. तिथे कबोम्बा दुपारपर्यंतही टिकली नसती. मात्र त्यांना आठवड्यातून तीन-चारदा उकळत्या पाण्यातून काढलेला पालक आणि साल काढलेले मटार देऊ लागल्यापासून ॲनुबियसच्या पानांवरचे दातांचे ठसे जवळजवळ थांबले. तुमच्या जॅक डेम्प्सीलाही अधूनमधून मटार देऊन पाहा. कंटाळलेला मासा पाने फाडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

खडीत लावायचेच असेल तर मी फक्त व्हॅलिस्नेरियाचे नाव घेईन. तिची पाने गवतासारखी लांब पट्ट्यांची असतात आणि चार-दोन फाटली तरी ती खडीखालून धुमारे सोडून नवी रोपे काढत राहते. ती मालावी सरोवरातही उगवते, म्हणजे सिक्लिडांशी तिची ओळख जुनी आहे. पण मुंबईत तिच्याबाबत एक अडचण येते. आपले पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून येते. हे पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे त्यात क्षार कमी असतात. व्हॅलिस्नेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, म्हणूनच तिला सिलिंडर लागत नाही आणि जड, म्हणजे जास्त क्षारांचे पाणी मानवते. माझ्या पहिल्या खेपेची व्हॅलिस्नेरिया नुसत्या नळाच्या पाण्यात सहा महिने जिवंत राहिली, पण वाढली नाही. मग मी कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा आणून दोनदा धुतला आणि जुन्या पायमोज्यात भरून फिल्टरमध्ये ठेवला. पाण्याची क्षारता हळूहळू वाढली आणि दीड महिन्यात धुमारे फुटू लागले. दुकानात कोरलचा चुरा सुचवतील, तो टाळा. खडक बांधणारी प्रवाळे आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि शिंपल्यांनी तेच काम स्वस्तात होते.

हे करण्याआधी क्षारता मोजण्याचे थेंबांचे किट मात्र जरूर घ्या. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी इमारतीच्या टाकीत मिसळत असेल तर ते आधीच जड असू शकते आणि मग चुऱ्याची गरजच उरणार नाही. आमच्या इमारतीत फेब्रुवारीचे आणि मे महिन्याचे पाणी ही दोन वेगळ्या गावांची पाणी वाटावीत इतका फरक पडतो.

खणण्यावर उपाय म्हणजे जाळी. बाल्कनीच्या ग्रिलला कबुतरांसाठी लावतात तशी प्लास्टिकची चौकोनी जाळी टाकीच्या मापाची कापा, पाऊण इंच खडीवर पसरा, रोपांची मुळे तिच्या भोकांतून खाली सोडा आणि वर पुन्हा खडी ओता. मासा जाळीपर्यंत खणतो आणि तिथे थांबतो. फक्त रोपाचा जो सांधा, जिथून पाने फुटतात, तो खडीच्या वर राहू द्या. आणखी एक सांगतो, शेवाळ मारण्यासाठी जे द्रवरूप कार्बन म्हणून विकतात त्यात बहुधा ग्लुटारल्डिहाइड असते, आणि व्हॅलिस्नेरिया त्याने अक्षरशः विरघळते. माझी एक अख्खी रांग तशी गेली आहे.

ऑस्करची आई (चेंबूर)

माझ्याकडे ऑस्कर मासा आहे, त्यामुळे पाण्याखालच्या झाडांबाबत मी केव्हाच हात टेकले. मी मनी प्लांट लावला आहे. पाने बाहेर, मुळे पाण्यात. टाकीच्या मागच्या काठावर स्वयंपाकघरातला चमचे ठेवायचा भोकांचा प्लास्टिकचा डबा अडकवून त्यात मुळे सोडली आहेत, नाहीतर ऑस्कर ती शेवयांसारखी ओढतो. मोठे मासे घाण फार करतात आणि त्यातून साचणारे नायट्रेट हे झाड भराभर शोषून घेते. पूर्वी पाणी बदलायला दोन दिवस उशीर झाला की काचेवर हिरवा थर यायचा, तो आता येत नाही. वेल खिडकीच्या पडद्याच्या दांडीवर चढला आहे आणि सासरे त्यालाच टाकीतले झाड समजतात, मीही त्यांना दुरुस्त करत नाही.

हॉर्नवर्टही पाण्यावर नुसती सोडून पाहा. तिला मुळेच नसतात, त्यामुळे उपटण्याचा प्रश्न नाही, आणि मासे जितकी कुरतडतात त्याहून जास्त ती वाढते. फक्त सुरुवातीला तिच्या सुयांसारख्या पानांचा सडा पडतो, तेव्हा फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावून ठेवा.

काचेतलं तळं (मुलुंड पूर्व)

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आजोबा, दगड तपासले. दोन दगड खडीवरच होते आणि त्यांतल्या एकाखाली माझी चार बोटे जातील एवढी पोकळी तयार झाली होती. ते पाहून पोटात गोळा आला. काल रात्रीच थर्माकोल घालून नीट बसवले.

आता तीन शंका आहेत. कॉन्व्हिक्टच्या जोडीने पुन्हा अंडी घातली आहेत, तर अशा वेळी टाकीत हात घालून झाडे बसवावीत का? गोगलगायी येऊ नयेत म्हणून झाडे कशात बुडवावीत? आणि माझे दीर सावंतवाडीजवळ राहतात, त्यांच्या घरामागच्या ओढ्यात क्रिप्टोकोरीनसारखी दिसणारी झाडे भरपूर आहेत, ती येताना घेऊन येऊ का असे ते विचारत आहेत. ती अळवाच्याच कुळातली ना?

गिरगावकर आजोबा

कुळ बरोबर ओळखलेत, पण ती झाडे आणू नयेत. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती फक्त आपल्या पश्चिम घाटाच्या परिसरातच आढळतात, आणि ओढ्यातून उपटून मुलुंडच्या टाकीत आणण्याइतकी त्यांची गर्दी नाही. दुसरे असे की, क्रिप्टोकोरीनला जागा बदललेली अजिबात खपत नाही. जरा हलवले की सगळी पाने पाघळतात आणि नवी यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे खणणाऱ्या माशांच्या टाकीत दर आठवड्याला नव्याने सुतक. दिरांना म्हणावे, फोटो पाठवा.

अंडी असताना काहीही करू नका. पिल्लांवरची राखण संपून ती जोडीपासून दूर फिरू लागली की मग झाडे बसवा, आणि त्या दिवशी सगळे दगड, सगळी लाकडे एकदमच हलवून नवी मांडणी करा. मांडणी बदलली की जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि मासे एक-दोन दिवस नवी जागा समजून घेण्यात गुंततात, तेवढ्यात झाडे त्यांना परिसराचा भाग वाटू लागतात. एकेक झाड रोज थोडे थोडे घातलेत तर प्रत्येक झाड हा नवा घुसखोर ठरेल.

गोगलगायींसाठी चार लिटर पाण्यात तुरटीच्या पुडीचा एक मोठा चमचा विरघळवून त्यात ॲनुबियस आणि जावा फर्न दोन-तीन तास बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली चांगली धुऊन आठवडाभर साध्या बादलीत ठेवा. बादलीतल्या त्या आठवड्यात पाने पिवळी पडली तर घाबरू नका. रोपवाटिकेत ही झाडे बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे पाण्याखाली आल्यावर जुनी पाने टाकून नवी काढतात. जावा फर्नच्या पानांखाली तपकिरी ठिपके दिसले तर तो रोग नव्हे, ती बीजाणूंची पुटके आहेत. दिवा सहा-सात तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि ॲनुबियस लाकडाच्या सावलीत बसवा, कारण ती इतकी संथ वाढते की थेट उजेडात तिच्या पानांवर शेवाळ आधी वाढते.

काचेतलं तळं (मुलुंड पूर्व)

सात आठवड्यांनी कळवते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

ॲनुबियसच्या पाच रोपांपैकी चार जिवंत आहेत. पाचवे माझ्याच चुकीने गेले. गोंद कमी पडेल या भीतीने मी त्याच्या खोडावर दोन चपटे दगड दाबून ठेवले होते, आणि तिसऱ्या आठवड्यात ते हाताला शिजलेल्या बटाट्यासारखे लागले. बाकीच्या चारांवर मिळून सात नवी पाने आली आहेत. नवे पान आधी पिवळट, काचेसारखे नितळ निघते आणि हळूहळू गडद होते, हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. जावा फर्नच्या एका पानाच्या टोकाला मुळांसकट चिमुकले रोप लटकले आहे. ते तोडून वेगळे लावावे की तसेच ठेवावे, हे कोणी सांगितले तर बरे होईल.

व्हॅलिस्नेरियाचा निकाल संमिश्र आहे. मालावीवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे किट आणून मोजले, तर आमच्या नळाचे पाणी मऊच निघाले, म्हणून शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये घातला. जाळीमुळे रोपे जागची हलली नाहीत, पण जॅक डेम्प्सीने डाव्या कोपऱ्यातली पाने एका उंचीवर नेमाने कापली आहेत, न्हाव्याने कापावीत तशी. उजव्या बाजूला त्याला कॉन्व्हिक्ट फिरकू देत नाहीत, तिथे पाने पाण्याच्या वर येऊन आडवी वाहू लागली आहेत.

ॲमेझॉन स्वोर्डचे उरलेले एक रोप टाकवेना, म्हणून मी ते मातीच्या लहान कुंडीत लावले, वर गोटे रचले आणि कुंडी दगडांत रुतवून ठेवली. दोन दिवसांनी कॉन्व्हिक्टच्या मादीने कुंडीखालची खडी उपसून तिथे आपली गुहा केली. या वेळची अंडी तिथेच आहेत, कुंडीच्या बाहेरच्या तळाला चिकटवलेली. स्वोर्डला मात्र तिने अजून हात लावलेला नाही.